पाण्यात चालणारं घड्याळ

गोठ्यातलं शेण काढायला बसली की केसरबाई बांगड्या कोपराकडे सारायची, पण घड्याळ काढायची नाही. जाडजूड, पुरुषी, पोलादी पट्ट्याचं घड्याळ. काळी तबकडी आणि तिच्याभोवती फिरणारी दातेरी चकती. त्या दात्यांत शेण वाळून बसलेलं असायचं. चकलांब्यात पहिल्यांदा येणारा पाहुणा ते बघून बुचकळ्यात पडे, आणि ज्याला घड्याळातलं कळे तो तर बोलायचाच थांबे. कारण तसलं घड्याळ गेवराईच्या दुकानातसुद्धा कुणी पाहिलेलं नव्हतं.

घड्याळ तिच्या नवऱ्याचं, मोहनरावांचं. ते एकदा पंचायत समितीवर निवडून आलेले, आता जिल्हा परिषदेच्या तयारीत. मोसंबीची मोठी बाग, बागेला पाणी पुरावं म्हणून बांधलेलं शेततळं, दारात पांढरी गाडी. एका ठेकेदार मित्रानं दुबईहून हे घड्याळ आणून दिलं तेव्हापासून मोहनराव माणसांशी बोलताना डावा हात जरा पुढे धरूनच बोलत. "पाणबुड्याचं घड्याळ हाय. तीनशे मीटर खोल पाण्यात चालतं," असं ते सगळ्यांना सांगत. त्यावर एकदा कुणी म्हणालं होतं, "सायेब, आपल्याकडं तीनशे मीटरला फक्त बोअर जातो, आन् तोबी कोरडा." मोहनराव हसले नव्हते.

एरवी ते घड्याळ कपाटात मखमली डबीत असे. मनगटाच्या हालचालीवर चालणारं यंत्र ते. डबीत पडून राहिलं की बंद पडायचं. मग लग्नाला निघताना मोहनराव गाडी सुरू ठेवून काटे जुळवत बसत. पावसाचा थेंब आला तर रुमालात गुंडाळून खिशात. केसरबाईनं एकदा ते पुसायला उचललं तर म्हणाले, "ओल्या हातानं धरू नको." तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. नवऱ्याची एक हौस, एवढंच.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला मोहनरावांनी बागेत जेवण ठेवलं. तालुक्यातली वजनदार माणसं येणार होती. केसरबाईचा धाकटा भाऊ राधाकिशन सिरसाळ्याहून आदल्या दिवशीच मदतीला आला होता. अंगानं किरकोळ, स्वभावानं गरीब, दाजींचा शब्द खाली पडू न देणारा. त्याला पोहता येत नव्हतं. पाहुणे यायच्या सुमारास हात धुवायच्या टाकीचं पाणी थांबलं, तसा तो शेततळ्यात सोडलेल्या पाइपाच्या तोंडाला काय अडकलंय ते बघायला गेला. शेततळ्याला आतून काळा प्लास्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ चढलं की पाय ठरत नाही. म्हणून कडेला नेहमी दोर बांधलेला असे. पण त्या दिवशी मांडवाला दोर कमी पडला म्हणून तो सोडून नेलेला होता.

केसरबाई ताकाची बादली घेऊन बांधावरून येत होती. मोहनराव तळ्याच्या कडेला फोनवर बोलत उभे होते. राधाकिशन घसरला तो आवाज न करता घसरला. पाण्यात पडल्यावर मात्र ओरडला, "दाजी!"

मोहनरावांनी फोन टाकून दिला. ते चांगले पोहणारे होते, लहानपणी गोदावरीला पूर आला तरी नदीत उतरायचे. चपला काढल्या, कडेवर आले. आणि मग थांबले. डावा हात वर केला आणि घड्याळाचा खटका शोधू लागले. त्या पट्ट्याला वर एक झडप होती, झडपेखाली दोन्ही बाजूंनी दाबायची बटणं. नव्या शर्टाची बाही मध्ये आली. राधाकिशननं पुन्हा हाक मारली, या वेळी तोंडात पाणी होतं. घड्याळ सुटलं. मोहनराव मागे वळले आणि ते केसरबाईच्या हातात देत म्हणाले, "हे धर. खाली ठू नको, चरा पडंल."

मग त्यांनी उडी मारली.

ते पुन्हा पुन्हा तळाला गेले, हे खरं आहे. वर येताना रडत होते, हेही खरं. पण राधाकिशन तोवर दिसेनासा झाला होता. शेजारच्या रानात शेरडं चारणारा आश्रुबा आरडाओरडा ऐकून धावला, मांडवाचा दोर सोडून आणला, आणखी माणसं आली, तेव्हा कुठं राधाकिशन बाहेर निघाला. केसरबाई कडेवर तशीच उभी होती. कुणीतरी तिच्या मुठीतून घड्याळ सोडवून घेतलं. तिच्या तळव्यावर त्या दातेरी चकतीचे वळ उठले होते.

गावानं मोहनरावांची पाठ थोपटली. मेव्हण्यासाठी जिवावर उदार झाला माणूस, असं जो तो म्हणाला. मोहनरावांनी आधी मान खाली घालून ऐकलं. मग हळूहळू स्वतःच सांगायला लागले. सिरसाळ्याला दहाव्याच्या दिवशी केसरबाईची आई भिंतीला टेकून बसली होती, शेजारी राधाकिशनची बायको मंगल. मोहनराव त्यांच्यापुढे बसून म्हणाले, "मामी, कपड्यासकट उडी टाकली मी. पापणी लवायच्या आत. पर देवाच्या मनातच नव्हतं."

आईनं जावयाच्या डोक्यावरून हात फिरवला.

केसरबाई दाराशी उभी राहून बघत होती. तोवर तिच्यात नुसतं रडू होतं. त्या हात फिरवण्यानं ते रडू वाळून गेलं आणि त्या जागी दुसरंच काही येऊन बसलं. तिला तिथंच बोलता आलं असतं. पण मग आईनं विचारलं असतं, तू काय करत होतीस? आणि दुसरं असं, की एकदा बोलून टाकलं असतं तर मोहनराव रडले असते, पाया पडले असते, चार मोठ्या माणसांनी समजूत काढली असती आणि सगळं मिटलं असतं. तिला ते मिटायला नको होतं. तिला ते मोहनरावांच्या डोळ्यांसमोर रोज हवं होतं.

चकलांब्याला परतल्यावर दुसऱ्याच सकाळी तिनं कपाट उघडलं, डबी उघडली आणि घड्याळ हातात घातलं. पट्टा सैल होता, कोपराकडे दोन बोटं सरकवला तेव्हा बसला. तशीच ती हौदावर गेली आणि म्हशीचं वैरणीचं घमेलं धुवायला लागली. मोहनराव दात घासत होते.

"ये, काढ ते! येडी झालीस का?"

"कावून? पाण्यात चालतंय म्हनं ना हे?" असं म्हणून तिनं हात कोपरापर्यंत हौदात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. त्यांच्याकडे बघत. मग वर काढून त्यांच्या तोंडासमोर धरला. "बगा. चालू हाय."

मोहनरावांच्या तोंडातला फेस तोंडातच राहिला. त्यांना सगळं कळलं. त्या दिवसानंतर त्यांनी घड्याळ मागितलं नाही.

मग ते रोजचंच झालं. केसरबाईनं त्या घड्याळाला कामाला जुंपलं. शेणात, राखेत, मिरचीच्या कांडपात, कडब्याच्या कुट्टीत. दगडावर घासून तिनं पट्ट्याची लकाकी घालवली. काचेवर एक लांब चरा पडला तेव्हा तो चरा मोहनरावांना दिसेल असा हात करून तिनं त्यांना भाकरी वाढली. मोटार किती वेळ चालली ते बघायला ती घड्याळाची चकती फिरवून खूण करू लागली. दूध तापायला ठेवलं की चकती, लाइट गेली की चकती. आणि रोज सकाळी हौदात एकदा हात. मोहनराव उशिरा उठले तर ती त्यांची वाट बघत हौदापाशी बसून राही.

घड्याळ बंद पडलं असतं तर मोहनराव सुटले असते. निदान एवढं तरी म्हणता आलं असतं, की बघ, पाणी गेलंच असतं आत, मी काढलं ते चुकीचं नव्हतं. पण ते बंद पडेना. डबीत मरून पडणारं ते यंत्र केसरबाईच्या राबत्या हातावर एकदाही थांबलं नाही. एकदा त्यांनी जेवताना, सहज विचारल्यासारखं, विचारलं, "मागं-पुढं होतंय का गं आता?"

"न्हाई. लई भारी माल हाय," केसरबाई म्हणाली. "तुमची निवड."

दिवाळी आली. पहिलं वर्ष दुःखाचं, म्हणून घरात काही करायचं नव्हतं, पण भाऊबीजेला आई आणि मंगल सिरसाळ्याहून आल्या. लेकीला त्या दिवशी एकटं वाटू नये म्हणून. मोहनरावांचा पुतण्या रविराजही पुण्याहून आला होता. निवडणूक जवळ आलेली, त्यामुळे बैठकीत कार्यकर्ते होतेच. केसरबाई चहाचा ट्रे घेऊन आली तेव्हा त्यातला एक जुना कार्यकर्ता, गहिनीनाथ, मोठ्यानं म्हणाला, "वैनी, रागावू नका, पर असलं घड्याळ शेणामातीत वापरत्यात व्हय? हे ठिवायची वस्तू हाय. सायबाची शान हाय."

रविराजला घड्याळांचा नाद होता. तो लगेच सरसावला. "उलट काकूंचंच बरोबर आहे. हे मुळात कामाचं घड्याळ आहे, दागिना नाही. पाणबुडे हे घालूनच खाली जायचे. कपाटात ठेवणाऱ्यालाच ते कळलेलं नसतं." मग तो केसरबाईचा हात धरून दाखवू लागला. "ही चकती बघा. माणूस पाण्याखाली गेला की ही फिरवून ठेवायची. म्हणजे तो किती वेळ पाण्याखाली आहे ते समजतं."

केसरबाईला हे ठाऊक नव्हतं. तिनं ट्रे खाली ठेवला.

"पण पाणी जातंच की कधी आत," गहिनीनाथ अडून बसला.

"काका, तुम्ही सांगा ना," रविराज मोहनरावांना म्हणाला. "पाण्यानं याला काहीही होत नाही."

सगळ्यांनी मोहनरावांकडे पाहिलं. उन्हाळ्यापासून रोज सकाळी तो हौद बघून बघून ते आतून पोखरले गेले होते. रविराजवर ते एकदम उसळले. "तुला सांगायला काय जातंय रे? शिकवतोय मला! ऐन वेळंला कुणाच्या ध्यानात ऱ्हातं ते? मानूस सवयीनं काढतोच! मी काय मुद्दाम काढत बसलो व्हतो का तिथं?"

रविराजला काही कळलं नाही. पण स्वयंपाकघराच्या दारातून मंगल पुढे आली. राधाकिशन गेल्यापासून ती कुणापुढं मोठ्यानं बोललेली नव्हती.

"कुठं काढत बसला व्हतात, दाजी?"

मोहनरावांनी केसरबाईकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते तिच्याकडे मदतीसाठी पाहत होते. केसरबाईनं त्यांना पुरतं पाहू दिलं. मग म्हणाली, "सांगा की. मंगल इचारतीय."

"लई वेळ न्हाई... जरासाच..." ते पुटपुटले. "तेवढ्यानं काय झालं असतं..."

"पापणी लवायच्या आत म्हनला व्हतात," आई म्हणाली. ती भिंतीला धरून उभी राहिली होती. तिनं जावयाकडे बघितलंच नाही, लेकीकडे बघितलं. "केसर, तू व्हतीस ना तिथं?"

हा प्रश्न येणार हे केसरबाईला दहाव्यापासून माहीत होतं. "व्हते. माज्याच हातात दिलं त्यांनी. म्हनले, खाली ठू नको, चरा पडंल." ती थांबली. "मी न्हाई ठिवलं."

आईनं पिशवी उचलली. मंगलनं तिचा हात धरला. केसरबाई दारापर्यंत मागे गेली, पण आई वळली नाही.

त्या दिवसाचं पुढं असं झालं, की कार्यकर्ते चहा तसाच टाकून एकेक करून उठले. गावभर व्हायला संध्याकाळ लागली नाही. मोहनरावांना कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण पारावर ते आले की बोलणं मोसंबीच्या भावावर यायचं. जिल्हा परिषदेला दुसऱ्याचं नाव पुढं आलं, आणि मोहनरावांनी ते ऐकून घेतलं. ते बागेतल्या खोलीत राहायला गेले. जेवायला तेवढे घरी यायचे. एकदा ताटावर बसल्या बसल्या त्यांनी हात जोडले. "केसर, माफ कर. माजी मती मारली गेली व्हती."

"मला कावून हात जोडता?" ती म्हणाली. "मी कुठं बुडाले?" आणि भाकरी वाढली.

आई मात्र बोलेना. केसरबाई फोन करायची, मंगल उचलायची. मंगलनं तिला दोष दिला नाही. उलट एकदा म्हणाली, "आक्का, तुमी रोज काय केलंत ते लोकांकडनं कळलं. मला बरं वाटलं. वाईट वाटायला पायजे, पर बरं वाटलं." पण मागून आईच्या खोकण्याचा आवाज यायचा आणि तो फोनजवळ येत नसे. आपल्या सुडाचा एक वाटा आपल्याच पदरात पडलाय, हे केसरबाईला कळत होतं. तरी तो सूड करायला नको होता, असं तिला एक दिवसही वाटलं नाही.

संक्रांतीनंतर एका सकाळी फोन वाजला आणि पलीकडे आई होती. मागचं काही न काढता तिनं सांगितलं, की गाय व्याली, कालवड झाली, मंगलनं खरवस केलाय. केसरबाई पदरात तोंड धरून ऐकत राहिली. फोन ठेवता ठेवता आईनं विचारलं, "मोहनराव जेवतेत का नीट? लई वाळलेत म्हनं."

"जेवतेत," केसरबाई म्हणाली.

ओसरीवर मोहनराव कान देऊन बसले होते. फोन ठेवल्याबरोबर ते उठून दारात आले. उभं राहायला त्यांना चौकटीचा आधार लागत होता.

"मामी व्हत्या ना? माजं काई इचारलं का त्यांनी?"

केसरबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत.

"न्हाई," ती म्हणाली, आणि दूध घालायला निघून गेली.