त्या गेमला मी गुण दिले नाहीत

दिवसभर मी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात बसतो आणि संध्याकाळी घरी येऊन गेम खेळतो. हा दुसरा उद्योग नुसता हौसेचा नाही. माझं एक यूट्यूब चॅनल आहे. टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर नवा गेम आला की तो पुरा खेळायचा, कसा आहे ते मराठीत सांगायचं आणि शेवटी दहापैकी गुण द्यायचे. बघणारे बहुतेक आपल्याच भागातले, सोलापूर, लातूर, सांगलीकडचे. गेम महाग असतात. घ्यावा की न घ्यावा एवढंच त्यांना हवं असतं, म्हणून पुष्कळ जण मधलं सगळं सोडून थेट शेवटच्या आकड्यावर जातात. माझी त्याला कधी हरकत नव्हती.

मग एका मोठ्या परदेशी कंपनीचा गेम बाजारात यायच्या आधीच माझ्याकडे आला. कंपनीचं इथलं काम बघणाऱ्या एजन्सीनं मेल केला होता. अट एकच, गुरुवारी संध्याकाळी ठरलेल्या वेळेपर्यंत गेमबद्दल चकार शब्द काढायचा नाही. जगभरातले रिव्ह्यू त्याच क्षणी बाहेर पडणार होते आणि त्यात सोलापूरचा एक असणार होता. मी तो मेल पप्पांना वाचून दाखवला. पप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "म्हंजे परीक्षेच्या आधी पेपर मिळाला की तुला." आणि पुन्हा पेपर वाचायला लागले.

गेम खरंच चांगला होता. एक मुलगी खाणीत अडकलेल्या भावाला शोधत खाली खाली जात राहते, अशी गोष्ट. माझी धाकटी बहीण बालवाडीत शिकवते. तिला गेम खेळण्यात रस नाही, पण गोष्ट असली की ती शेजारी येऊन बसते. रविवारी दुपारी ऊन टीव्हीवर येत होतं म्हणून मी पडदे ओढून घेतले आणि ती पलंगावरून उतरून खाली, टीव्हीच्या अगदी जवळ बसली. "ती उजवीकडची वाट बघ की," असं मला सांगत होती.

खाणीतली मुलगी एका यंत्रघरात शिरली. तिथली वीज बिघडलेली होती. टीव्हीभर पांढरा आणि लाल उजेड भराभर चमकायला लागला. मला दारावरची कळ सापडेना, म्हणून मी तिथंच घुटमळत राहिलो. बहीण बोलायची थांबली हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मी वळून पाहिलं तर तिची मान एका बाजूला ओढली गेली होती आणि हात ताठ झाले होते.

तिला लहानपणी फिट यायच्या. गोळी चालू होती, आणि कॉलेजात गेल्यापासून एकदाही त्रास झाला नव्हता. घरात तो शब्दसुद्धा कुणी उच्चारत नसे. आई स्वयंपाकघरातून धावत आली, पण ओरडली नाही. तिनं बहिणीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचा पदर गोळा करून ठेवला आणि मला म्हणाली, "ते बंद कर." मी टीव्हीचा प्लगच उपटला. पप्पा दारात उभे राहून घड्याळाकडे बघत होते. फिट लांबली तर दवाखान्यात न्यायचं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. खोलीत तिच्या श्वासाचा घरघर आवाज तेवढा होता.

ती शुद्धीवर आली तेव्हा तिनं आधी मला विचारलं, "मी काय बोलले का?"

"न्हाय," आई म्हणाली. "झोप आता."

सोमवारी डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. गोळी चुकली होती का, झोप झाली होती का, टीव्ही किती जवळ होता. गोळी चुकली नव्हती. काहींच्या मेंदूला असा चमकणारा उजेड सोसत नाही, असं ते म्हणाले. अंधाऱ्या खोलीत, टीव्हीजवळ बसलं तर जास्तच. पुढची तपासणी त्यांनी लिहून दिली. परत येताना रिक्षात आई मध्ये बसली होती. ती सरळ समोर बघत म्हणाली, "हे कुणाला सांगायचं न्हाय. रविवारी माणसं येणार हायत."

माढ्याकडचं स्थळ होतं. मुलगा सरकारी नोकरीत. त्याला आणि बहिणीला एकमेकांचे फोटो पसंत पडले होते, फोनवर एकदोनदा बोलणंही झालं होतं. आई कितीतरी दिवसांनी खुशीत होती.

मला मात्र दुसरीच गोष्ट खात होती. गेम सुरू होताना उजेडाबद्दल कसलीच सूचना नव्हती. सेटिंगमध्ये चमक कमी करायचा एक पर्याय होता, पण तो मी तोवर उघडूनही पाहिला नव्हता. मंगळवारी मी ऑफिसातून लवकर निघालो. आई बहिणीला घेऊन साडीसाठी नवी पेठेत गेली होती, पप्पा बाहेर होते. घर रिकामं होतं. मी पडदे उघडले, ट्यूब लावली, तो पर्याय चालू केला आणि यंत्रघरापर्यंत पुन्हा गेलो. मला स्वतःला काही होणार नाही हे कळत होतं, तरी दार उघडायला मन घेत नव्हतं. उघडलं. चमक जशीच्या तशी. तो पर्याय बाकी सगळीकडे लागू होत होता, या एका खोलीत नव्हता. मोबाइलवर मी ते चित्रीकरण करून ठेवलं.

एजन्सीतल्या मॅडमना मी व्हिडिओ पाठवला, आणि घरात काय झालं तेही लिहिलं. बुधवारी सकाळी त्यांचा फोन आला. बोलायला त्या चांगल्या होत्या. आधी बहिणीची चौकशी केली. मग म्हणाल्या, "आम्ही पुढं कळवलंय. गेम बाजारात येईल त्या दिवशी अपडेट येणारच आहे. त्यामुळं रिव्ह्यूमध्ये याचा उल्लेख नको, एवढीच विनंती. तुम्ही खेळताय ती अंतिम आवृत्ती नाही."

"त्या अपडेटमध्ये ही खोली दुरुस्त झालेली असेल, असं मला लिहून द्याल?"

"ते मला नाही सांगता येणार."

"मग मी कसं सोडून देऊ, मॅडम?"

"निर्णय तुमचा आहे," त्या म्हणाल्या. "पण पुढच्या वेळी गेम आधी कुणाला द्यायचा ती यादी वरिष्ठ ठरवतात, मी नाही." त्यांचा सूर धमकीचा नव्हता. जे होईल तेच त्या सांगत होत्या.

त्या संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. इशारा द्यायचा तर मला कसं कळलं हेही सांगावं लागणार. नुसतं 'चमक जास्त आहे' म्हटलं तर कोण ऐकणार? आईनं ताट बाजूला सारलं.

"बहीण म्हणालास की झालं. तुला एकच बहीण हाय, हे गल्लीला म्हाईत न्हाय व्हय? तुझ्या खेळापायी तिचं जमत आलेलं मोडायचं हाय का?"

"आई, ज्यांना माहीत नाही असं कुणाचं तरी पोर..."

"त्यांचं ते बघतील. मी माझ्या पोरीचं बघते."

बहीण भाकरीचा तुकडा नुसताच हातात धरून होती. मग ती उठली, हात धुतले आणि फोन घेऊन गच्चीवर गेली. आईला वाटलं रागावून गेली. मी मागून गेलो तर ती पाण्याच्या टाकीला टेकून उभी होती आणि फोनवर बोलत होती. पलीकडे माढ्याचा मुलगा आहे हे पहिल्या दोन वाक्यांतच कळलं.

"मला फिटचा त्रास आहे. लहानपणापासून. गोळी चालू आहे. मधली बरीच वर्षं काही नव्हतं, या रविवारी आली." ती थांबली. "नाही, कुणी सांगायला लावलं नाही. तुम्ही यायच्या आधी तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. ती "बरं" म्हणाली, पुन्हा "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

"घरी विचारून सांगतो म्हणाला." ती खाली रस्त्याकडे बघत राहिली. "आता तू तुझं बोल, दादा. नाव नको घेऊ. बहीण म्हण, चालेल." मग एकदम विचारलं, "किती देणार आहेस?"

"काय?"

"गुण. दहापैकी."

मी आदल्या आठवड्यात मनात नऊ ठरवले होते. आता तीन द्यावे असं वाटत होतं. तसं मी तिला सांगितलं.

"तीन कशाला? गोष्ट चांगली आहे की. मला फिट आली म्हणून तू गुण कापणार, आणि लोक तो तीन बघून नुसतं भांडत बसणार. उजेडाचं कोण ऐकेल?"

"मग नऊ देऊ?"

"नऊ दिलेस तर लगेच विकत घेतील. तेवढंच बघतात म्हणतोस ना?"

मी गुरुवारी सुट्टी टाकली आणि दिवसभर व्हिडिओ कापत बसलो. आई स्वयंपाकघरात होती, माझ्याशी बोलत नव्हती. माढ्याचा फोन आला नव्हता. मोबाइल वाजला की आम्ही चौघंही त्याच्याकडे बघायचो.

ठरलेली वेळ झाली आणि जगभरातले रिव्ह्यू एकदम वर आले. नऊ. साडेनऊ. कुणी दहा. वर्षातला सर्वांत चांगला गेम. उजेडाबद्दल मला कुठंच काही दिसलं नाही. क्षणभर वाटलं, मलाच चुकीचं दिसलं की काय. मोबाइलवरचं चित्रीकरण मी पुन्हा पाहिलं आणि माझा व्हिडिओ टाकला. पहिल्याच मिनिटाला सांगितलं होतं, की या गेममधली एक खोली बघताना माझ्या बहिणीला फिट आली, चमक कमी करायचा पर्याय तिथं चालत नाही, तुमच्या घरात कुणाला हा त्रास असेल तर आत्ता घेऊ नका. त्यानंतर गेमचं जे कौतुक करायचं ते मनापासून केलं. शेवटी आकडा असायचा तिथं मी म्हणालो, "या गेमला मी गुण देत नाही. आकडा बघून ठरवू नका."

तासाभरात शिव्या सुरू झाल्या. गुण द्यायची हिंमत नाही. कंपनीनं काही दिलं नाही म्हणून रडतोय. बहिणीला पुढं करून व्ह्यूज गोळा करतोय. या शेवटच्यानं मला आतून हलवलं. मी कमेंट बंद करायला निघालो तर बहीण म्हणाली, "थांब."

तिनं स्वतःच्या अकाउंटवरून, स्वतःच्या फोटोसकट, खाली लिहिलं, 'मीच ती बहीण. काय विचारायचं ते मला विचारा.'

आईनं ते पप्पांच्या फोनवर पाहिलं. ती आत गेली आणि लाइट बंद करून पलंगावर पडून राहिली. मला तिच्यापाशी जायचं धाडस झालं नाही. पप्पा गेले. ते बराच वेळ तिथंच बसून होते.

शिव्या थांबल्या नाहीत, पण मधूनमधून वेगळं काही यायला लागलं. अक्कलकोटकडच्या एका बाईंनी विचारलं, माझ्या मुलीलाही हाच त्रास आहे, तिनं टीव्ही बघायचाच नाही का? बहिणीनं त्यांना सविस्तर उत्तर दिलं. खोलीत उजेड ठेवा, लांबून बघू द्या, चमकायला लागलं तर एक डोळा तळहातानं पूर्ण झाकायला शिकवा, आणि डॉक्टरांना विचारा. ते तिला सोमवारी डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

शुक्रवारी दुपारी माढ्याहून फोन आला. मुलाच्या मामानं केला होता. घरात जरा अडचण निघाली आहे, सध्या थांबू, असं म्हणाले. पप्पांनी "ठीक आहे" म्हटलं आणि रविवारसाठी सांगून ठेवलेल्या खुर्च्या नको म्हणून कळवायला स्वतःच गेले. बहीण त्या दिवशी शाळेतून आल्यावर थोडी रडली. दुसऱ्या दिवशी कामावर गेली. नवी साडी आईनं घडी न मोडता कपाटात ठेवली.

गेम बाजारात आला त्या दिवशीच्या अपडेटनं ती खोली बदलली नाही. मी लगेच तपासलं होतं. काही आठवड्यांनी दुसरं अपडेट आलं. त्यासोबतच्या टिपेत एक ओळ होती, की काही ठिकाणची चमक कमी केली आहे आणि सुरुवातीला सूचना घातली आहे. माझ्यामुळं झालं असं मी म्हणणार नाही. इतर देशांतही कुणीकुणी तक्रार केली असेल. मी ते व्हिडिओ करून सांगितलं, तर लोक म्हणाले, आता तरी गुण दे. दिले नाहीत. आजही कुणीतरी विचारतं. मला अजून तो आकडा ठरवता आलेला नाही. त्या एजन्सीकडून नंतर काही आलं नाही. मी इतरांसारखा दुकानात गेम आल्यावर घेतो आणि उशिरा रिव्ह्यू करतो.

आई माझ्याशी हळूहळू बोलायला लागली. जेवायला वाढताना एखादा शब्द, मग दोन. तो विषय मात्र आमच्यात कधी निघाला नाही.

परवा रविवारी सकाळी मी आतल्या खोलीत खेळत होतो. बाहेर आईचा फोन वाजला. करकंबच्या कुठल्याशा ओळखीतून नवं स्थळ आलं होतं. आई वय, शिक्षण, नोकरी सांगत होती. मी टीव्हीचा आवाज बंद केला. मग ती त्याच सुरात, आवाज खाली न करता म्हणाली, "आणि एक आधीच सांगते. पोरीला फिटचा त्रास हाय. रोज गोळी घेती. तुमच्या घरात चालणार असंल तर या, न्हाय तर आमी वाईट वाटून घेत न्हाय."

पलीकडचं बोलणं बराच वेळ चाललं. आई मध्ये मध्ये "व्हय, व्हय" म्हणत होती. फोन ठेवल्यावर मी दारात गेलो.

"काय म्हणाले?"

"डॉक्टर कोण ते विचारत होते," आई म्हणाली. "येतो म्हणाल्यात." आणि बहिणीला हाक मारायला ती गच्चीच्या जिन्याकडे गेली.