माझ्याहून उंच रॉकेट

पुण्यात मी कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. लग्न करून अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिन गावात आले, तर माझ्या व्हिसावर नोकरी करायला परवानगी नव्हती. नवरा सोमवारी सकाळी विमानाने कामाच्या गावी जायचा, तो शुक्रवारी परतायचा. मधले दिवस तिथल्या घरात फ्रिजची घरघर तेवढी सोबतीला.

एकदा हिवाळ्यात लोकर आणायला गेले, तर शेजारच्या हॉबी शॉपच्या, म्हणजे छंदाचं सामान विकणाऱ्या दुकानाच्या काचेत एक भलंमोठं रॉकेट उभं दिसलं. मी आत शिरले.

"मुलासाठी हवंय?" म्हाताऱ्या दुकानदाराने विचारलं.

"माझ्यासाठी."

तो हसला नाही. रॉकेट उडवणारी दारूची मोटर कुठली, पंखांना प्लायवूड कुठलं, सगळं नीट समजावलं. वसंतात आमचा ग्रुप एका शेतावर रॉकेटं उडवतो, तिथे या म्हणाला.

कार्पेटच्या दुकानातून जाड पुठ्ठ्याची नळी मागून आणली आणि बेसमेंटमध्ये कामाला लागले. पंख कापले, घासले, इपॉक्सीने चिकटवले. केशरी नायलॉनचं पॅराशूट शिवलं. मग रॉकेट दोरीला आडवं टांगून तोल बघू लागले. गुरुत्वमध्य मागे पडत होता, म्हणून टोकात शिसं भरलं. ते का भरायचं, हे मी मोठ्याने सांगत होते, अगदी पुण्यातल्या वर्गात सांगावं तसं. लक्षात आलं तशी गप्प झाले. थोड्या वेळाने पुन्हा बोलायला लागले.

तिथल्या मराठी मंडळाच्या जेवणात एका काकूंनी विचारलं, "दिवसभर करतेस काय गं एकटी?"

"विणकाम," मी म्हटलं.

उड्डाणाच्या आठवड्यात नवऱ्याला फोनवर म्हणाले, "या शनिवारी रॉकेट उडवायचंय, सोबत ये ना."

"अगं, क्लायंटचं काम अडकलंय. वीकेंडलाही इथेच आहे. पुढच्या वेळी नक्की. फोटो काढ हं!"

रॉकेट गाडीत मागच्या काचेपासून पुढच्या सीटपर्यंत आडवं घातलं आणि निघाले. शेतावर सगळे गोरे पुरुष. दुकानदाराने रॉकेट उड्डाणाच्या उभ्या दांडीवर चढवायला मदत केली. आकडे मोजून झाले, मी बटण दाबलं. कानठळ्या बसवणारा आवाज झाला आणि बघता बघता ते ठिपक्याएवढं झालं. मग तिथे वर केशरी छत्री उघडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी "बघितलंस?" म्हणत शेजारी वळले. शेजारी एक अनोळखी माणूस होता. त्याला मराठी कुठून कळणार? तो हसून म्हणाला, "गुड फ्लाइट."

रॉकेट वाऱ्याने दूर मक्याच्या खुंटांत जाऊन पडलं. एकटीच चालत गेले. एक पंख मोडला होता. नळी अजून कोमट होती. तिच्यावर हात ठेवून मी बराच वेळ तिथेच बसून राहिले.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. "उडालं?"

"उडालं."

"अरे वा! किती वर गेलं?"

मी सांगायला लागले, तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारली. "उद्या बोलू हं," म्हणत त्याने फोन ठेवला.

सोमवारी बेसमेंटमध्ये उतरले आणि मोडक्या पंखाचं वाळलेलं इपॉक्सी खरवडायला घेतलं.