लवंगांची गरोदर झाडं
सुनेने काल मसाल्यासाठी लवंगा भाजायला घेतल्या, तो वास घरभर पसरला आणि मला इंडोनेशियातल्या एका आडबाजूच्या बेटावरचं गाव आठवलं. सत्तरच्या दशकात मी नागपूर सोडून तिकडच्या एका कापडगिरणीत फिटर म्हणून लागलो होतो, आणि साठवलेला पैसा त्या गावातल्या एका म्हाताऱ्याच्या लवंगांच्या झाडांत घातला होता. पीक आलं की निम्मं माझं. कळ्या धरल्याचा निरोप आला तसा मी सुटी काढून बोटीने आणि पुढे चिखलातून पायी तिथे पोचलो. लगडलेली झाडं पाहून आनंदाने ओरडलोच. म्हाताऱ्याने झाडांच्या मानासाठी स्वतःची टोपी काढली, माझ्या तोंडावर हात ठेवला आणि कुजबुजला, "हळू! झाडं गरोदर आहेत. दचकली तर कळ्या गाळतील." मला हसू आलं. "माझी बायकोही गरोदर आहे," मीही कुजबुजत म्हणालो. "मग तू इथे काय करतोस?" त्याने विचारलं. "घरी जा. तुझा वाटा मी राखीन." माझा त्याच्यावर विश्वास बसला नाही. तोडणी होऊन कळ्या चटयांवर वाळून लवंगा होईपर्यंत मी तिथेच थांबलो, आणि माझी मुलगी सावनेरला, तिच्या आजोळी, मी नसताना जन्मली. गिरणीने सुटीच दिली नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. काल तो वास आला तेव्हा बायको शेजारीच लसूण सोलत बसली होती. तिला खरं सांगितलं, म्हाताऱ्याच्या त्या "हळू!"सकट. ती सोलता सोलता, मान वर न करता म्हणाली, "अन् त्या झाडांपाशी बरे हळू बोलून राहिले होते जी तुम्ही!"