मुहूर्तावर राहिलेली फट

जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत युनिक्सवर चालणारं कॉम्प्युटरचं मशीन माझ्या ताब्यात होतं. मी वडीगोद्रीच्या शेतकऱ्याची पोर, आणि अख्ख्या हाफिसाचं काम माझ्या मशीनवर चालायचं. गर्व होता मला, आजही आहे. का नसावा?

मशीन सुरू झालं लक्ष्मीपूजनाला. शेठजी मूळचे राजस्थानचे, पण पिढ्यान्‌पिढ्या जालन्यातले. मुहूर्तावर पहिली चिठ्ठी छापून निघालीच पाहिजे, म्हणाले. नेमका तेव्हाच प्रिंटर अडला. मशीन बसवणाऱ्या इंजिनिअरनं घाईघाईत आमच्या कामाच्या मेनूला, म्हणजे सगळे जिथून काम करायचे त्या पडद्यावरच्या यादीला, 'रूट'चे, म्हणजे मशीनच्या मालकाचे, सगळे अधिकार देऊन टाकले. चिठ्ठी निघाली, पेढे वाटले. हे अधिकार आता काढू, असं मी दुसऱ्या दिवशी म्हणाले, तर शेठजींनी हातच जोडले. "बेटा, मुहूर्ताचं काम पुढच्या दिवाळीपर्यंत बदलायचं नाही."

पेरणीच्या तोंडावर, उगवण चाचणीत नापास झालेलं कपाशीचं बियाणं मशीनमध्ये 'पास' दिसलं. पास करणाऱ्याचं नाव प्रयोगशाळेच्या ताईंचं. खरं तर पोती भरलेला ट्रक फाटकावर ताईंनीच अडवला होता. तरी शेठजी त्यांनाच म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." आता बोला! चोर सोडून संन्याशाला फाशी!

माझं डोकं सणकलं. ताई बाहेर डोळे पुसून राह्यल्या होत्या. मी सरळ केबिनमध्ये गेले.

"मशीन काय खोटं बोलतं का?" शेठजींनी विचारलं.

"बिलकुल बोलतं. दाखवू?"

त्यांच्याच पडद्यावर मी गोदामाच्या कारकुनाच्या नावानं आत शिरले. मेनूतून मजकूर लिहायचा एडिटर उघडला. तिथं उद्गारचिन्ह टाकून बारकीशी आज्ञा दिली की एडिटरच्या बाहेर पडता यायचं. पण मेनूचे रूटचे अधिकार संगतीनंच यायचे. कारकुनाला ज्याला हात लावायची मनाई, ते सगळं सताड उघडं. मी नापास बियाण्यापुढचं ताईंचं नाव खोडलं आणि दुसरं लिहिलं.

"वाचा, शेठजी."

पास करणाऱ्याच्या जागी त्यांचंच नाव होतं.

शेठजींनी ते नाव दोनदा वाचलं. मंग म्हणाले, "जल्दी बंद कर हे."

"आणि मुहूर्त?"

"आत्ताच मुहूर्त."

ताईंना आत बोलावून त्यांनी माझ्यादेखत माफी मागितली. नाव कुणी घातलं ते शेवटपर्यंत कळलं न्हाई, पण ताईंची नोकरी राहिली. मेनूचे अधिकार मी त्याच दुपारी काढले, आणि सगळ्यांना नवे पासवर्ड घ्यायला लावले.

ताई नवा पासवर्ड टाकायला पडद्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "तोंड तिकडं कर गं."

"अहो ताई, मीच तर भांडले तुमच्यासाठी!"

"म्हणूनच म्हणते. उद्या कुणी तुझं नाव घ्यायला नको."

मी भिंतीकडं तोंड केलं.