वाळूत रुतलेला फिटर

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. पाणी डोंगरातल्या ओहोळाचं, पावसाळ्यात चहासारखं. म्हणून गावाने गाळणीची टाकी बांधून घेतली. तळाला भोकं पाडलेला पाइप, त्यावर खडी, खडीवर कमरेइतकी वाळू. वाळू गाळाने तुंबली की खालून उलटं पाणी सोडायचं, म्हणजे गाळ उसळून वर येतो आणि वाहून जातो. तो व्हॉल्व्ह माझ्या ताब्यात होता. मी चौथी शिकले, व्हॉल्व्ह फिरवायला तेवढं पुरतं.

टाकी बसवली महाडच्या मोहल्ल्यातल्या एका फिटरने. आखातात बरीच वर्षं हेच काम करून आलेला. खडी घालायच्या आदल्या दिवशी त्याने मला बजावलं होतं, "मावशी, आत कुणाला काय टाकू देऊ नका."

आमच्याकडे नव्या विहिरीची ओटी भरतात. टाकीची का नको, असं बायकांचं म्हणणं पडलं. तो गेल्यावर मी स्वतः आत उतरले, कोपऱ्यात पाइपाजवळ खण, नारळ, तांदूळ ठेवले आणि वर दोन घमेली खडी ओतली. त्याला सांगितलं नाही.

दोन पावसाळे बरे गेले. मग त्याच कोपऱ्यात उलटं पाणी चढेना. नळाला माती येऊ लागली, पोरांची पोटं बिघडली. गावच्या पाणी समितीची माणसं म्हणाली, फिटरने काम कच्चं केलं. त्याला बोलावून घेतलं. तो आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोलले नाही.

समितीची माणसं त्याला दोन शब्द ऐकवून निघून गेली. तो पँट दुमडून त्या कोपऱ्यात वाळूवर उतरला. "मावशी, उलटं पाणी सोडा. जरा जरा. कुठं अडतंय ते बघतो."

मी अर्धा फेरा दिला. इकडे वाळू हलली, त्याच्या कोपऱ्यात काही नाही.

"अजून."

मी अजून सोडलं. पाणी त्याच्या मांडीपर्यंत चढलं.

"सोडा हो, घाबरताय काय?"

मी पुरा फेरा दिला. खाली काहीतरी धप्प झालं. त्याच्या पायाखालची वाळू पेजेसारखी पातळ झाली आणि तो कमरेपर्यंत आत गेला. पाणी एकदम त्याच्या गळ्याशी आलं.

"या अल्ला!"

मी दोन्ही हातांनी व्हॉल्व्ह आवळला. पाणी थांबलं. मला वाटलं, वाचवला. पण पाणी थांबताच वाळू घट्ट बसली, त्याला धरून. त्याने जोर लावला, हलेना. खालचं पाणी थांबलं होतं, पण वरून ओहोळाचा पाइप टाकीत चालूच होता. हनुवटी भिजली.

"बंद नाय, मावशी! सोडा! थोडं सोडा!"

"आणखी आत जाशील रे!"

"सोडा म्हणतो ना!"

ज्या पाण्याने तो बुडत होता तेच पुन्हा सोडायचं. शेवटी पाव फेरा दिला. वाळू सैल झाली, त्याने कठडा धरला आणि छाती घासत वर आला. मी त्याच्या सदऱ्याला धरून ओढलं. सदरा फाटला.

तो कठड्यावर पडून ओकला. मी धावत जाऊन ओहोळाचा पाइप बंद केला. परत आले तेव्हा त्याच्या घोट्याला गुंडाळलेला खण तो सोडवत होता. टेरिलीनचा होता, कुजला नव्हता; पाइपाच्या भोकांवर तोच बसला होता.

"हे कुणी घातलं?"

"मी."

त्याने शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

"समितीला मी सांगते," मी म्हटलं. "आत्ता जाते."

"आधी टाकी उपसू. अजून काय हाय खाली?"

"नारळ."

"आणि?"

"तांदूळ. ते गेले असतील कुजून."

"आणि?"

"नाय काय. खरंच नाय."

टाकीतलं पाणी काढून टाकलं. फावडं घेऊन तो पुन्हा उतरायला लागला आणि थांबला. माझ्याकडे बघत राहिला. मी व्हॉल्व्हपासून दूर झाले आणि दोन्ही हात त्याला दिसतील असे कठड्यावर ठेवले. मग तो उतरला.