बाबांचं चाळीस सेकंदांचं बोलणं

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. देवळातही माझं अर्धं लक्ष चपलांकडे असतं. तरी लिहिते आहे... कारण हे मनातून जात नाही.

आमचं घर हुडकेश्वरला. तीन वर्षांपूर्वी बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. हातपाय सावरले, पण बोलणं बिघडलं. बोलायचे भरभरून, पण नुसतं "डबडा... ताबडा..." आम्हाला ओ की ठो कळायचं नाही.

माझी पिहू तेव्हा दीड वर्षाची, नुकती शब्द जोडायला लागलेली. एका दुपारी बाबा तिच्याशी असंच काहीतरी बोलले. ती तुरुतुरु स्वयंपाकघरात आली आणि मला म्हणाली, "थमे, पंका कमी."

माझं लाटणं थांबलं. ठमी — बाबा मला लहानपणी अशी हाक मारायचे. पोरी चिडवतात म्हणून पाचवीत असताना मीच भांडून ती बंद करवली होती. आई जाऊन दहा वर्षं झालेली. नवऱ्यालाही हे नाव माहीत नव्हतं!

पंखा कमी केला. बाबांनी मान डोलावली.

नवरा म्हणाला, "इशारा केला असंन वं त्यांनी. काहून एवढा विचार करून राहिली?"

पंख्याचा इशारा करता येतो. ठमीचा कसा करणार?

मग वर्षभर पिहूच आमची दुभाषी. "थमे, चात साकर नाई." "थमे, दमली का वं?" ऑफिसातून येताना त्या हाकेसाठी मी गाडी जरा जोरातच चालवायचे.

जूनमध्ये पिहू नर्सरीत गेली. दिवाळीपर्यंत घडाघडा बोलायला लागली, आणि 'थमे' कधी बंद झालं ते कळलंच नाही.

हिवाळ्यात एका संध्याकाळी बाबांनी माझा हात धरला आणि बोलत राहिले. डोळे भरलेले. थेरपीवाल्या मॅडमनी अधूनमधून त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायला सांगितलं होतं, म्हणून मोबाईल सुरू होता. मी पिहूला ओढतच आणलं. "सांग ना बेटा, आजोबा काय म्हणून राहिले?"

तिने मन लावून ऐकलं. "मम्मी, आजोबांले नीट बोलताच नाही येत."

चार दिवसांनी बाबा गेले.

मॅडम म्हणतात, लहान मुलं चेहरा आणि सूर फार बारकाईने टिपतात. असेल. पण नाव? पिहूला तर यातलं काहीच आठवत नाही.

चाळीस सेकंदांचं ते रेकॉर्डिंग मी रोज ऐकते. शेजारची चिमुकली आता दीड वर्षाची झाली, बोबडं बोलते. परवा मोबाईल घेऊन त्यांच्या दारापर्यंत गेले. बेलवर बोटही ठेवलं... आणि परत आले.

ऐकून ती 'थमे' म्हणालीच नाही तर?