नावडतीची शिवामूठ

श्रावणातला तिसरा सोमवार. देवळात शिवामूठ वाहायला आलेली एक नवी सून पिंडीपुढे बसली होती. मूठ तिने इतकी घट्ट आवळली होती की उघडल्यावरही चार मूग तळव्याला चिकटून राहिले. मागून तिची सासू म्हणाली, "एवढं तरी नीट कर गं."

मला माझी मूठ आठवली. लग्नानंतर पाच वर्षं मीही श्रावणात दर सोमवारी असंच धान्य वाहिलं. वाहताना म्हणायचं असतं, देवा, सासरी मी नावडती आहे, मला आवडती कर. माझ्या सासूबाई शेजारी उभ्या राहून ते माझ्याकडून मोठ्याने म्हणवून घेत. 'नावडती' ऐकताना त्यांचा चेहरा काय खुलायचा! आणि घरी आल्यावर मी केलेली भाजी त्या तोंड वाकडं करून ताटाच्या कडेला सारत.

देवाने ऐकलं, जरा उशिराच. आता त्यांना माझ्याशिवाय कुणाच्या हातचा घास चालत नाही. आजही त्यांना पायरीवर बसवून मी आत आले होते. बाहेर गेले, तर त्यांनी माझा पदरच धरला. "किती वेळ लावलास गं? तू दिसली नाहीस की जीव कासावीस होतो."

मी त्यांना हात देऊन उठवलं, पायात चपला सरकवल्या आणि ती प्रार्थना मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिली. त्यांना मी आवडावी, एवढंच तिच्यात आहे. मला त्या आवडाव्यात, असं कुठेही नाही.